अशोक पेंटरची उजेडातली भीती

अशोक पेंटर गेल्याची बातमी मला आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या मालकांनी दिली आणि त्याच दमात विचारलं, की आपल्या नव्या बोर्डाची अक्षरं अर्धी राहिली आहेत, ती आता कोणाकडून पुरी करून घ्यायची? हे गृहस्थ स्वतःला डायरेक्टर म्हणवून घेतात. श्रीरामपुरात मेन रोडला, कापडाच्या दुकानाच्या डोक्यावर दोन खोल्या आणि सहा कॉम्प्युटर असले, की माणूस डायरेक्टर होतो. त्या दोन खोल्यांत मी सात वर्षं शिकवतो आहे, तेव्हा माझी लायकी काय ते वाचकांनीच ठरवावं. अशोक एका शाळेच्या दर्शनी भिंतीवर पाहुण्यांसाठी 'सुस्वागतम्' रंगवत होता. शिडी सरकली. दोन दिवस दवाखान्यात होता, शुद्धीवर आला नाही. वय चौतीस. पाहुणे ठरल्या वेळी आले, हारतुरे झाले, भाषणं झाली. 'सुस्वागतम्'मधल्या शेवटच्या अक्षराचा पाय मोडायचा राहिला होता, तो तसाच राहिला. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. अशोकच्या आलं असतं, आणि मग तो ज्या नजरेनं त्या सगळ्या मंडळींकडे बघत राहिला असता, ती नजर मी चांगली ओळखून होतो.

आठवड्यानं क्लासमध्ये शोकसभा झाली. डायरेक्टर म्हणाले, "अशोक हा आमच्या संस्थेच्या परिवारातला होता." परिवारातल्या या माणसाला कॉम्प्युटरच्या खोलीचा उंबरा ओलांडायला मनाई होती. कारण काय, तर कपड्यांना रंग असतो आणि मशीनला धूळ चालत नाही. आम्ही सगळे तिथं चपला बाहेर काढून, देवळात जावं तसे जात असू. दसऱ्याला डायरेक्टर मॉनिटरला हळदकुंकू लावत, तेव्हा मात्र मशीनला काही होत नसे. शोकसभेत मग एक निवृत्त मुख्याध्यापक उठले आणि म्हणाले, "असा हसतमुख कलावंत आता होणे नाही." हसतमुख! अशोक साळवे! सहा-सात वर्षांत मी त्याला मनापासून हसताना पाहिलं ते फार तर तीन-चार वेळा, आणि प्रत्येक वेळी समोर कोणीतरी घाबरलेलं होतं. मी तिथं काही बोललो नाही. चहा आणि क्रीमची बिस्किटं होती, ती खाल्ली. न बोलण्याची मला सवय आहे... त्या सवयीबद्दलही पुढे सांगायचंच आहे.

त्याची-माझी ओळख बोर्डामुळेच झाली. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. क्लास नवा होता. डायरेक्टरांनी स्वहस्ते मजकूर लिहून दिला होता आणि त्यात 'संगनक प्रशिक्षण' असं लिहिलं होतं. बेलापूरहून सायकलवर रंगाचे डबे लटकवून आलेला एक काळासावळा, किरकोळ माणूस तो कागद घेऊन जिन्यात माझ्यासमोर उभा राहिला. "मास्तर, ह्यात न हाय का ण? आमी गावाकडं बोलताना न म्हनतो, पन लिवताना ण लिवतो. तुमचे सायेब उलटं करत्यात." मी ण करायला सांगितलं. त्यानं केला, आणि पुढं चार दिवस शिडीवरून खिडकीतून आत बघत राहिला. मधल्या सुट्टीत पोरं कॉम्प्युटरवर गेम खेळायची. तळघर, सांगाडे, अंगावर धावून येणारे राक्षस असला प्रकार होता. चौथ्या दिवशी त्यानं मला विचारलं, "ह्यात भ्या कुठं हाय?" मी एखाद्या अडाण्याला समजवावं तसं त्याला समजावलं, की बघ, अंधार आहे, रक्त आहे, हाडं आहेत. तो ऐकून घेऊन म्हणाला, "ते सगळं दिसतंय. भ्या कुठं हाय? अंधारात मानूस सावध असतोय, मास्तर. खरं भ्या वाटतं ते उजेडात."

त्या एका वाक्यावर आमची पुढची चार वर्षं गेली. दुपारी एक ते तीन वीज जायची, क्लास रिकामा असायचा. अशोकचं गावात काम असलं, की तो भाकरी घेऊन यायचा आणि आम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून गेम रचायचो. दोनशे पानी वही होती. श्रीरामपूरच्या मेन रोडवर, बाजूला कापडाच्या गाठी उतरत असताना, व्हिडिओ गेमचा विचार करणारी दोनच माणसं बसली होती. त्यातल्या एकानं तोवर कॉम्प्युटरला हातसुद्धा लावला नव्हता, आणि दुसऱ्याच्या डोक्यात स्वतःचं असं काही नव्हतं. मी आपला भुतं सुचवायचो. विहिरीतली बाई, ओसाड बंगला, मुंडकं नसलेला घोडेस्वार. अशोक तंबाखू थुंकून म्हणायचा, "तुझं भूत दारातून येतंय. माझं आधीपासनं घरात हाय, आन् च्या देतंय." असा अपमान तो रोज करायचा. तुच्छतेनं बघणं ही त्या माणसाची एकमेव चैन होती. बाकी चैन परवडणारी नव्हती.

त्याच्या कल्पना त्याच्या धंद्यातून यायच्या. अंगणवाड्या आणि शाळांच्या भिंती रंगवणं हे त्याचं मुख्य काम. डोळे मोठे केलेली बदकं, दात दाखवणारे आंबे, गालावर खळी पडलेले ढग... बेलापूरपासून नेवाशापर्यंत कितीतरी भिंतींवर आजही ते आहेत. "गाजराला हसायचं काय कारन हाय?" असं तो एकदा फार गंभीरपणे मला म्हणाला होता. "त्याला उपटून आनलंय, आता खिसनार हायत, आन् त्ये हसतंय. मीच काढतो त्याला हसताना. माझा हात बसलाय त्याच्यावर." त्यातून त्याचा पक्का हिशेब झाला होता: चित्र जेवढं गोड, तेवढी आत भीती ठेवायला जागा जास्त. गेम दिसायला रुखवतासारखा हवा आणि खेळून उठल्यावर घरच्या माणसांकडे नीट बघवू नये.

एका गेममध्ये हळदीचं घर होतं. सगळं पिवळंधमक, सनई, हसणाऱ्या बायका. तुम्ही पाहुणे. तुम्हाला फक्त आपल्या चपला शोधून घरी जायचं आहे. पण भेटेल तो तुम्हाला भलत्याच नावानं हाक मारतो, पाटावर बसवतो, लाडू देतो. नाव दुरुस्त केलंत तर सगळे प्रेमानं हसतात, "थट्टा पुरे," म्हणतात. त्या नावाला ओ दिलीत, की पुढचं दार उघडतं. शेवटच्या दारापाशी चपला असतात, त्या तुमच्या मापाच्या नसतात, आणि तरी बसतात. दुसऱ्या एका गेममध्ये नुसती रांगोळी होती. ठिपके जोडत जायचं. सुंदर रांगोळी पुरी व्हायची, पण दर वेळी एक ठिपका बाहेर राहायचा, आणि खालून आवाज यायचा, "तो आपला नाही." मी म्हटलं, एवढंच? यात घाबरायचं काय? अशोक म्हणाला, "तू ठिपका न्हाईस ना, म्हनून."

प्रत्यक्षात आम्ही केला तो एकच, बालवाडीचा. अशोकनं कागदावर काढलेली चित्रं मी जुन्या मशीनवर एकेक रेघ आकड्यांनी मांडून उतरवायचो, आणि तो मागे हात बांधून उभा राहायचा. वीज न गेलेल्या दिवशी डायरेक्टर जेवायला गेले, की मी त्याला आत घ्यायचो. तेव्हा सोळाच रंग होते. "सोळा रंगात जग बसवनार व्हय?" असं म्हणून त्यानं त्या सोळांतून असं काही झळझळीत निळं आकाश आणि अशी लिंबासारखी कोवळी पिवळी भिंत काढून घेतली, की मला माझ्याच मशीनचं नवल वाटलं. गेम असा होता: बालवाडीचा पहिला दिवस. हसऱ्या चेहऱ्याच्या बाई म्हणतात, "या, बसा." भिंतीवर बारा बदकं. दर घंटेला एक बदक कमी होतं. तुमच्यापाशी एकच बटण, 'सांगा'. ते दाबलं, की बाई आणखी गोड हसून म्हणतात, "अकराच होती. नेहमी अकराच होती." मुलं टाळ्या पिटून हसतात. न सांगता गप्प बसलात, तर तुमच्या हातावर चांदणी उमटते. सगळी बदकं गेल्यावर बाई विचारतात, "भिंतीवर काय होतं?" आणि उत्तर एकच असतं, 'काही नव्हतं'. ते दाबलं, की फुलं पडतात, गाणं लागतं, तुम्ही जिंकता. या गेममध्ये हरायची सोयच नव्हती. ही अट अशोकची होती, आणि तिच्यावरून आम्ही महिनाभर भांडलो. हरणं नसेल तो गेम कसला, असं मी म्हणायचो. तो म्हणायचा, "हरनाऱ्याला कळतं तरी."

तो गेम मी स्वतः रचला, त्यातली ओळ अन् ओळ मला पाठ होती. तरी एका दुपारी, सहाव्या-सातव्या घंटेला, मला खात्रीनं आठवेना, की सुरुवातीला आपण बारा बदकं काढली होती की अकरा. मी गेम थांबवून मांडणी उघडली आणि मोजली. बारा होती. पुन्हा मोजली. मागं वळून बघतो, तर अशोक भिंतीला टेकून पोट धरून हसत होता. हे त्याचं हसू. मुख्याध्यापकांनी नोंद घ्यावी.

तो संत नव्हता. एकदा टायपिंगला येणाऱ्या एका मुलीला त्यानं हौसेनं त्या गेमपुढं बसवलं. ती निम्म्यावर रडायला लागली, आणि हा बाजूला उभा राहून घंटा मोजत होता. मी संतापलो. तो म्हणाला, "रडली म्हंजे चालतंय." चालतंय! त्या मुलीचं काय झालं असेल याचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. माणसं त्याला भीती तपासून बघायची यंत्रं वाटायची. ते मी त्याला माफ केलेलं नाही, आणि तो मेला म्हणून आता करणार नाही.

त्याच दिवशी मी त्याला चिडून विचारलं, की हे सगळं तुझ्या डोक्यात येतं कुठून. मग त्यानं जे सांगितलं, ते त्यानं माझ्याकडे न बघता, जिन्याच्या कठड्याला सांगावं तसं सांगितलं. "आमच्या बालवाडीच्या बाई लई गोड बोलायच्या. कवा वरडल्या न्हाईत. दूध वाटायच्या. सगळ्यांला पेल्यात, आन् आमच्या वस्तीतल्या तिघांला वरनं, वंजळीत. हसत हसत. मी घरी सांगितलं, तर आई म्हनली, तसं काय न्हाई, बाई चांगल्या हायत. दुसऱ्या दिवशी बाईंलाच इचारलं. त्या म्हनल्या, अरे, तुलाबी पेल्यातच देते की रोज! पोरंबी म्हनली, पेल्यातच देत्यात. मला वाटलं, आसंल." पुढं मोठेपणी त्याला त्याच बालवाडीची भिंत रंगवायचं काम मिळालं. बाई निवृत्त झालेल्या, मुद्दाम बघायला आल्या. "माझ्या हाताखालचा मुलगा," म्हणून सगळ्यांना सांगितलं, कपबशीत चहा दिला, आणि म्हणाल्या, "आपल्याकडे भेदभाव असा कधी नव्हताच, नाही का रे?" अशोक म्हणाला, "मी व्हय म्हनलो. आन् मला खरंच आठवंना, मास्तर. हातात कप हुता. वाटलं, आपुनच लहानपनी कायतरी सपान बघितलं आसंल. तितं मी भ्यालो. तसा कदी भ्यालो न्हाई."

आणि यावर मी, सुशिक्षित, पुरोगामी, पुरवण्यांतून लेख वाचणारा मी काय म्हणालो? मी म्हणालो, "अरे, बाईंचा तसा हेतू नसेल." अशोकनं वळून माझ्याकडं पाहिलं. त्यानं राग धरला असता, तर बरं झालं असतं. तो कौतुकानं म्हणाला, "तू माझ्या गेमातलाच हायस की." नंतर दोन महिने तो जिन्यावर फिरकला नाही.

मग पुण्याचे गृहस्थ आले. मुलांसाठी शैक्षणिक सीडी काढणारी कुठलीशी कंपनी. डायरेक्टरांनीच कुठून तरी ओळख काढली होती. त्यांना आमची बालवाडी दाखवली. अशोकला त्या दिवशी धुतलेला शर्ट घालून आत यायची परवानगी होती. गृहस्थांनी बदकं बघून "गोड, फार गोड" असं तीनदा म्हटलं, तिसऱ्या घंटेला घड्याळ पाहिलं आणि मग आपली सूचना मांडली, "बदकं कमी होण्याऐवजी वाढली तर? मुलं मोजायला शिकतील." एका वाक्यात त्यांनी चार वर्षांची आतडी काढून त्यात भुसा भरला, आणि वर समोरच्या बशीतल्या लाडवाला हात घातला. खोलीत सगळे माझ्याकडं बघत होते, कारण मशीन मला चालवता येत होतं. मला पुण्याला जायचं होतं. मला त्या गृहस्थांसारखा चष्मा लावून कुठल्याशा ऑफिसात बसायचं होतं. मी म्हणालो, "कल्पना चांगली आहे." अशोक उठला. चित्रं देऊन टाकली, आमची वही उचलली, खाली उतरला, सायकल काढली. जाताना एवढंच म्हणाला, "तुझंबी बरोबर हाय."

सीडी निघाली. एकापासून बारापर्यंत बदकं येतात, बाई टाळ्या वाजवतात. वेष्टणावर 'संकल्पना' म्हणून डायरेक्टरांचं नाव. आत बारीक अक्षरात माझं. अशोकचं कुठंच नाही. मी ती घेऊन डायरेक्टरांकडे गेलो, अशोकचं नाव कुठं आहे ते विचारलं. ते आश्चर्यानं म्हणाले, "त्याचं काय होतं त्यात? बदकं तर सगळेच पेंटर काढतात." मी "बरं" म्हणालो. फक्त "बरं", आणि खाली आलो. मला कोणी पुण्याला बोलावलं नाही, हे सांगायला नकोच. भुसा भरणाऱ्यांना भुसा भरणारे पुष्कळ मिळतात.

अशोकला मीच सीडी दाखवली. त्यानं वेष्टण उलटसुलट करून वाचलं. मला वाटलं, आता हा शिव्या देईल. त्यानं शांतपणे विचारलं, "मी काढली हुती म्हनून तू सांगितलंस का त्यान्ला?" मी म्हणालो, सांगून काय उपयोग झाला असता... तो म्हणाला, "उपेग इचारला न्हाई मी." यानंतरही तो यायचा, आम्ही बोलायचो, तो माझ्या भुतांना हसायचा. पण वही त्यानं परत आणली नाही, आणि मी मागितली नाही. तो गेला तोवर दोन वर्षं हे असंच चाललं. आमच्यात काही झालंच नव्हतं, असं दोघंही वागत होतो. त्या खेळात मी तरबेज झालो होतो.

मागच्या रविवारी बेलापूरला त्याच्या घरी गेलो. शोकसभेला घरच्या कोणाला बोलवायचं सुचलं नव्हतं, म्हणून त्याच्या बायकोला, शोभावहिनींना, आधी भेटणं झालं नव्हतं. मला वाटलं होतं, पेंटरचं घर, भिंती रंगवलेल्या असतील. घरात एक बदक नव्हतं. सगळीकडे पांढरा चुना. फक्त एका भिंतीवर, जमिनीपासून माझ्या कमरेच्याही खाली, कोळशाच्या, खडूच्या, पेन्सिलीच्या रेघोट्यांचा गुंताडा होता. चार वर्षांच्या प्रज्ञाचा, म्हणजे त्याच्या मुलीचा. वाकून बघितलं, तर प्रत्येक गिरगोट्याखाली अशोकच्या त्या सुरेख, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. 'प्रज्ञाने काढले. मी पाहिले. अशोक.' पुढच्या खाली तेच. त्याच्या पुढच्या खाली तेच. शंभरएक तरी असतील. वहिनी म्हणाल्या, "दिवाळीला मी चुना मारू म्हनलं, तर अंगावर आले माझ्या. म्हनले, उद्या तिला कुनी म्हनाया नको, तू काढलंच न्हाईस म्हनून."

एका चित्राखाली ओळ नव्हती. वहिनी म्हणाल्या, "ते परवाचं हाय, भावजी. रोज इचारती, खाली का लिवलं न्हाई. मला लिवता येतं. पन ती काढत हुती तवा मी कामाव गेल्ते. मी बघितलं न्हाई, तर बघितलं म्हनून कसं लिवू?"

मी पेन काढलं होतं, ते तसंच हातात राहिलं. मीही ते बघितलं नव्हतं. मग मी तिथं भुईवर बसलो आणि प्रज्ञाला म्हटलं, आता एक काढ. तिनं माझ्याकडं संशयानं पाहिलं, अगदी बापासारखं. मग कोळसा घेऊन तिनं एक लांब रेघ ओढली, तिच्या टोकाला दोन गोल काढले, एक पुसला, पुन्हा काढला. ते काय आहे, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिचं होईपर्यंत मी दुसरीकडं कुठं बघितलं नाही. झाल्यावर खाली लिहिलं, 'प्रज्ञाने काढले. मी पाहिले.' आणि पुढं माझं पूर्ण नाव. अक्षर वाईट आलं. परवाच्या चित्राखालची जागा रिकामीच ठेवली आहे.